झाडावरचे सिंह आणि इंगवलेबाई

इंगवलेबाई बेल वाजवायच्या नाहीत, बेलवर बोट ठेवून उभ्या राहायच्या. दार उघडेपर्यंत ते बोट निघायचं नाही. आणि दार उघडलं की नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट हुकूम. "चल, चप्पल घाल. बघायला जायचंय."

काय बघायला, हे विचारण्यात अर्थ नसे, कारण तोवर बाई निम्मा जिना उतरलेल्या असत. कधी खाडीवर रोहित पक्षी उतरलेले असत, कधी गच्चीतल्या पाण्याच्या टाकीवर घुबड येऊन बसलेलं असे, कधी सगळं शारजा धुक्यात बुडून नुसते मशिदींचे मिनार वर राहिलेले असत. शुक्रवारी सकाळी माणसं आठवड्याची झोप वसूल करत असताना या बाईने आमच्या बिल्डिंगमधली सगळी मराठी घरं उठवून दोन गाड्यांत कोंबलेली मी पाहिली आहेत. जाताना लोक कुरकुरत जायचे आणि परत आल्यावर, न आलेल्यांना "तुम्ही चुकलात" म्हणून चिडवायचे.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. नोकरी दुबईत आणि भाड्याचं घर शारजात, असा आम्हा बहुतेकांचा संसार होता. मी दुबईच्या देरा भागात एका ट्रॅव्हल एजन्सीत विमानाची तिकिटं काढायचे. बाई समोरच्या फ्लॅटमध्ये. मूळच्या कोल्हापूरच्या, शारजातल्याच एका भारतीय शाळेत विज्ञान शिकवायच्या. उंची बेताची, पण आवाज रंकाळ्याच्या या काठावरून त्या काठाला हाका मारून तयार झालेला. त्यांचे यजमान इंगवले अल क्वोजमधल्या एका गोदामाचे मॅनेजर. संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून घरी पोचेपर्यंत त्यांच्यात बोलण्याचं त्राण उरत नसे. कुठेही, कशाही अवस्थेत झोपण्याची कला त्यांना साधली होती. "आमच्या ह्यांचा सगळ्यात लांब शब्द म्हणजे इन्शाल्ला," असं बाई म्हणायच्या, आणि इंगवले त्यावर हसायचे, तेही आवाज न करता.

बाईंचं एक ठरलेलं वाक्य होतं. वर्गात, जिन्यात, भाजीच्या दुकानात, कुठेही. "ऐकलेलं उधार, बघितलेलं रोख." कुणी काही नवल सांगितलं की विचारायच्या, "तू बघितलंस का?" समोरचा जरा जरी चाचरला, तरी त्याचं नवल तिथेच खलास.

एकदा आमच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, की दुबईत एका दुकानात डिसेंबरात हापूस आलाय. मी घरी येऊन हे बाईंना सांगण्याचा मूर्खपणा केला. पुढच्या पाच मिनिटांत आम्ही गाडीत. भर संध्याकाळी, शारजातून दुबईकडे. सगळं जग उलट दिशेने घरी चाललेलं. दुकानात पोचलो तर पेट्यांत कागदात गुंडाळलेले आंबे खरेच होते, पण ते आले होते केनियाहून. बाईंनी एक उचलला, देठाशी नाक लावलं आणि परत ठेवला. मी ओशाळून म्हटलं, "बाई, उगाच हेलपाटा झाला."

"उगाच कसा? खोटं आहे हे बघितलं की नाही आपण?" परत येताना त्या अशा खूश होत्या, की जणू हापूसच खाऊन आल्यात. या बाईला निराश कसं करायचं, हे मला कधीच कळलं नाही.

बिल्डिंगमधल्या पोरांना त्या दर शुक्रवारी गोष्टी सांगायच्या. त्यांत हुकमाची गोष्ट वाघाच्या मावशीची. मांजराने वाघाला सगळ्या विद्या शिकवल्या आणि एक दिवस भाचा मावशीलाच खायला उठला. मावशी सरसर झाडावर गेली आणि वरून म्हणाली, ही विद्या तेवढी तुझ्यासाठी नव्हती रे बाबा. गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलेली आहे. बाई ती सांगताना सोफ्याच्या पाठीवर चढून बसायच्या. इंग्रजीत हसणारी आमची पोरं त्या एका गोष्टीपुरती मराठीत हसायची.

या गोष्टीनेच बाईंचा घात केला.

गणपतीत आमच्या मराठी मंडळाची प्रश्नमंजूषा असायची. प्रश्न काढणाऱ्या बाई, विचारणाऱ्या बाई आणि निकाल देणाऱ्याही बाईच. त्या वर्षी दोन संघ शेवटपर्यंत बरोबरीत आले. एका संघात नववीतली सई साटम होती. साटम कुटुंब देवगडचं. शारजात येण्याआधी तिच्या वडिलांनी टांझानियात, दारेसलामच्या बंदरावर काही वर्षं नोकरी केली होती. सई तेव्हा अगदी लहान. मुलगी शांत, चष्म्यातून बघणारी, विचारल्याशिवाय न बोलणारी.

शेवटचा प्रश्न तिच्या वाट्याला आला. "सिंह झाडावर चढतो. चूक की बरोबर?"

"बरोबर," सई म्हणाली.

हॉलभर खसखस पिकली. बाई हसून म्हणाल्या, "अगं, नीट विचार कर. वाघाची मावशी ती सिंहाचीही मावशीच की!"

"बट बाई, आय हॅव सीन देम. इन टांझानिया. दे वर स्लीपिंग इन द ट्री."

मागून कुणीतरी ओरडलं, "सर्कशीतले असतील!" हशा आणखी वाढला. बाईंना भरलेला हॉल फार आवडायचा. आणि भरलेल्या हॉलला आवडेल असंच त्या बोलून गेल्या. "स्वप्नात बघितले असशील, बाळा. उत्तर चूक."

कप दुसऱ्या संघाला गेला. सई खुर्चीत बसून राहिली. रडली नाही, पण बक्षीस समारंभ संपेपर्यंत तिने चष्मा काढून हातात धरला होता. त्यानंतर ती मंडळाच्या कार्यक्रमाला यायची बंद झाली.

आठवड्याभरात बाईंना शाळेच्या लायब्ररीत प्राण्यांचं एक जाडजूड पुस्तक मिळालं. त्यात फोटो होता. टांझानियातल्या मन्यारा तळ्याकाठचं जंगल, बाभळीची फांदी आणि फांदीवर सिंहीण. बाईंनी पुस्तक काखेत मारलं, माझ्या बेलवर बोट ठेवलं आणि मला घेऊन साटमांच्या घरी गेल्या. सईच्या आईने चहा टाकला. बाईंनी पुस्तक सईपुढे उघडून ठेवलं आणि सरळ म्हणाल्या, "सई, माझं चुकलं. तू बरोबर होतीस. उद्याच मंडळात सांगते सगळ्यांना."

सईने फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही. "इट्स ओके, बाई." मग म्हणाली, "पण तुम्ही पुस्तकावर बिलीव्ह केलं. माझ्यावर नाही केलं."

घरी येताना बाई गाडीत गप्प होत्या. बाई गप्प असणं हे शारजात बर्फ पडण्याइतकं विचित्र वाटत होतं. आमच्या सिग्नलला त्या बोलल्या. "वंदे, आयुष्यभर पोरांना सांगत आले, बघितलेलं रोख. ती पोर रोख घेऊन आली होती गं. आणि मी भरल्या हॉलात नोट खोटी म्हणून परत केली."

"अहो, मग सांगून टाका मंडळात. फोटो दाखवा."

"नाही. फोटो दाखवला तर खरं पुस्तक ठरेल, ती नाही. तिनं डोळ्यानं बघितलंय. मीही डोळ्यानं बघणार आणि त्याच स्टेजवरून सांगणार."

मला वाटलं, चार दिवसांत विसरतील. बाईंना ओळखत असून असं वाटलं, हे माझंच आश्चर्य.

आखातात राहिलेल्या माणसाला यातली खरी अडचण सांगावी लागणार नाही. आमच्याकडे सुट्टी म्हणजे घर. कंपनी तिकीट देते ते गावाकडचं, आणि वर्षभर माणूस जगतो ते त्या तिकिटावर. उन्हाळ्यात शाळा बंद झाल्या की कोल्हापूर. सासूबाई, लग्नं, मुंजी, दुखणी, सगळं त्या एका सुट्टीत बसवायचं. त्या सुट्टीत भलतीकडे जाणं म्हणजे घरच्यांच्या तोंडचा घास पळवणं. बाई दर वर्षी विषय काढायच्या, इंगवले "पुढच्या वर्षी, इन्शाल्ला" म्हणायचे, आणि दोघं कोल्हापूरला जाऊन यायची. इकडे सई दहावी झाली, अकरावी झाली. बारावीनंतर आमची मुलं कॉलेजसाठी भारतात जातात, ती परत येतात फक्त पाहुणी म्हणून. मग कुठली सई आणि कुठलं स्टेज.

सई बारावीत गेली त्या वर्षी बाईंनी कोल्हापूरला फोन लावला. त्यांच्या फोनला आमच्या घरातूनही ऐकू जायचं. पलीकडून सासूबाईंनी काय विचारलं असेल ते बाईंच्या उत्तरांवरून कळत होतं. "नाही, या वर्षी नाही जमत... आफ्रिकेला... नाही, पाहुणे कुणी नाहीत तिथं... अहो आई, सिंहाकडं!"

त्यानंतर बराच वेळ बाई नुसत्या "व्हय... व्हय" म्हणत होत्या.

तिकिटं मीच काढली, आणि काढता काढता माझंही एक काढून टाकलं. नवऱ्याला, प्रकाशला, म्हटलं, आठवडाभर पोरांना सांभाळ, कुणीतरी साक्षीला हवं.

नैरोबीला उतरून रस्त्याने सीमा ओलांडली आणि आम्ही मन्याराला पोचलो. छप्पर वर उचलता येणारी जीप, आणि जुमा नावाचा हसतमुख ड्रायव्हर. तो बाईंना पहिल्यापासून "मामा" म्हणू लागला. त्यांच्या भाषेत मामा म्हणजे आई, हे कळेपर्यंत बाईंनी त्याला दोनदा बजावलं होतं, की मामा कोल्हापुरात आहेत, मी मावशी आहे. सिंहाला तो "सिंबा" म्हणतो हे ऐकून मात्र बाई खुशीने फुलल्या. "आपलाच आहे गं हा माणूस! जुमा भाई, सिंबा ऑन ट्री? टुडे?"

"मे बी, मामा," जुमा म्हणाला. "मे बी नॉट."

जंगलासाठी हातात दोनच दिवस होते. पहिल्या दिवशी बाईंनी झाडांवर काय काय सिंह पाहिले! वाळलेलं खोड पाहिलं, माकडांची चवड पाहिली, कुठल्याशा पक्ष्याचं भलंमोठं घरटं पाहिलं. दर वेळी "ते बघ!" अशी आरोळी, दर वेळी जुमाचा ब्रेक, आणि दर वेळी आमच्या कपाळाला पुढच्या सीटची भेट. जुमाने ओठांवर बोट ठेवून किती विनवलं, पण बाईंच्या आवाजाला कुजबुजणं माहीतच नव्हतं. हत्ती रस्ता ओलांडत होते, जिराफ माना वाकवून आमच्याकडे पाहत होते. दोन-चार रोहित पक्ष्यांसाठी आम्हाला साखरझोपेतून उठवणारी ही बाई, तिच्यासमोर तळ्याचा सगळा काठ गुलाबी झाला होता आणि ती मान वर करून बाभळी तपासत होती. "ते नंतर बघू. वर बघ, वंदे, वर!"

दुपारी एका थांब्यावर बाईंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. पुडी उघडते न उघडते तोच एक बबून माकड खिडकीतून हात घालून ती घेऊन गेलं. थोड्या अंतरावर बसून त्याने चटणी चाखली आणि असं काही शिंकायला लागलं, की जुमा स्टिअरिंगवर डोकं टेकून हसला. इंगवले तेवढ्यापुरते जागे झाले, म्हणाले, "कांदालसूण मसाला लागला त्याला," आणि टोपी परत डोळ्यांवर ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळ गेली, दुपार गेली. बाई आता ओरडत नव्हत्या. धुळीने त्यांचे केस विटकरी झाले होते आणि मान आखडली होती. उन्हं कलली तसं जुमाने घड्याळ दाखवलं. गेट बंद होण्याआधी बाहेर पडावं लागणार होतं. बाई म्हणाल्या, "चला." बस, एवढंच. मला त्यांच्याकडे पाहवेना. दुसऱ्या कुणालाही हे हास्यास्पद वाटलं असतं, की शारजातल्या एका शाळामास्तरणीने एका पोरीच्या उत्तरासाठी आफ्रिकेच्या जंगलात डोळ्यांत पाणी आणावं. मला ते मुळीच हास्यास्पद वाटत नव्हतं.

परतीच्या वाटेवर हत्तींचा कळप आडवा आला आणि जुमाने गाडी थांबवून इंजिन बंद केलं. इंगवले मागच्या सीटवर आडवे पडून उघड्या छपरातून आभाळ बघत होते. किंवा झोपले होते, त्यांचं सांगता यायचं नाही. त्यांनी टोपी थोडी वर केली आणि म्हणाले, "पुष्पा, हे शेपूट कुणाचं?"

रस्त्याच्या कडेच्या बाभळीवरून एक शेपूट खाली लोंबत होतं. टोकाला काळा गोंडा. ते हललं.

आम्ही तिघं एकदम उभे राहिलो. शेपटामागून नजर वर नेली तर जाड फांदीवर सिंहीण पसरलेली. चारी पाय दोन्हीकडून खाली सोडलेले, हनुवटी फांदीवर टेकलेली. शुक्रवारी जेवणानंतर इंगवले सोफ्यावर पडतात अगदी तशी. आणि मग, एकदा नजर बसल्यावर, ते सगळं झाडच जागं होऊ लागलं. इथे एक कान हलला. तिथे पानांआडून पंजा निघाला. जे लाकूड वाटत होतं त्याने जांभई दिली. एकावर एक, या फांदीवर, त्या फांदीवर, सिंहच सिंह! अगं बया! मी ओरडू नये म्हणून स्वतःचीच ओढणी तोंडात कोंबली.

आणि बाई? दोन्ही हातांनी गजाला धरून त्या उभ्या होत्या आणि गालांवरच्या धुळीतून पाण्याचे ओघळ येत होते. किती वेळ गेला कोण जाणे, मागे इंगवल्यांच्या कॅमेऱ्याचा खटका तेवढा वाजत होता. मग आयुष्यात पहिल्यांदा मी इंगवलेबाईंना कुजबुजताना ऐकलं. "सई साटम. उत्तर बरोबर."

जुमाने आणखी थोडं थांबू दिलं, म्हणून पुढची गंमत बघायला मिळाली. एका सिंहिणीला खाली यायचं होतं. वर जाताना ती राणीच्या दिमाखात गेली असेल, पण उतरताना राणीची पार फजिती. पुढून यावं तर डोकं जड, मागून यावं तर पाय सापडेना. दोनदा वळली, एकदा खोडाला मिठी मारून ढुंगण खाली करत घसरली आणि शेवटी धप्पकन अंग टाकून दिलं. उठली आणि कुणी बघितलं नाही ना, अशा आविर्भावात चालू लागली. बाई माझा दंड दाबून हसत होत्या. "मावशीनं उतरायचं नाही शिकवलं गं हिला!"

सप्टेंबरात गणपतीच्या प्रश्नमंजूषेला बाई स्टेजवर उभ्या राहिल्या तेव्हा हॉल भरला होता. त्यांनी सईच्या आईला गळ घालून सईला आणवलं होतं. ती मागच्या रांगेत बसली होती, निघायच्या तयारीत असल्यासारखी. बाई माइकवर म्हणाल्या, "सुरुवात करण्याआधी एक निकाल दुरुस्त करायचाय. सिंह झाडावर चढतो. मी बघून आले. सई साटमचं उत्तर बरोबर होतं आणि मी तिला भर सभेत खोटं पाडलं."

थोडी चुळबुळ झाली. मागून तोच सर्कशीवाला आवाज आला. "बाई, फोटो आहे का?"

"आहे. ह्यांनी काढलेत. पण दाखवणार नाही."

"का हो?"

"हिच्याकडं होता का? हिनं तोंडी सांगितलं होतं. मीही तोंडीच सांगणार."

समितीतले एक गृहस्थ समजुतीच्या स्वरात म्हणाले, "अहो, बाई म्हणतात म्हणजे असणारच ना. बाईंच्या शब्दावर कोण शंका घेईल?"

बाई त्या वाक्यासाठीच थांबल्या होत्या. रंकाळा पार करणारा तो आवाज माइक असूनही त्यांनी पूर्ण सोडला. "मी म्हणते तर असणार? मग ही म्हणाली तेव्हा का नव्हतं?"

मागच्या रांगेतून सई उठली. आता ती चांगली उंच झाली होती. ती स्टेजपाशी आली, बाईंकडे पाहिलं आणि चक्क मराठीत विचारलं, "बाई, उतरताना बघितलं?"

बाईंनी स्टेजवरच माइकच्या दांड्याला मिठी मारली, सगळ्यांकडे पाठ केली आणि ढुंगण खाली करत घसरायला लागल्या. सई खळखळून हसली. पोट धरून, चष्मा काढून, डोळे पुसत हसली. दोघीच हसत होत्या. हॉलला काही कळत नव्हतं, आणि त्या दोघींना हॉलचं काही पडलंही नव्हतं. मी साक्षीला गेलेली, पण माझी गरजच लागली नाही.

सई पुढे पुण्याला शिकायला गेली. दर गणपतीत बाईंना तिचा फोन यायचा. ते फोटो बाईंनी कुणालाच दाखवले नाहीत. मी एकदा मागितले तर म्हणाल्या, "तू होतीस की तिथं. तुला कशाला?"

काही वर्षांनी इंगवल्यांची नोकरी संपली. आखातात नोकरी संपली की व्हिसा संपतो, व्हिसा संपला की मुक्काम संपतो. त्यांना निरोप देताना जिन्यात रडारड झाली, ती सगळी आमच्याकडूनच. बाई कोल्हापुरात काय काय बघायचं राहिलंय, ते सांगत खाली उतरल्या. मी वर येऊन बाल्कनीत उभी राहिले. खाली इंगवले टॅक्सीचं दार धरून उभे होते. बाई आत बसता बसता थबकल्या. बिल्डिंगपुढे एक देशी बदामाचं झाड होतं. मन्याराहून आल्यापासून त्यांची सवयच झाली होती, कुठल्याही झाडाखालून जाताना आधी वर बघायची. त्यांनी वर पाहिलं आणि दोन्ही हात हलवून ओरडल्या, "वंदे! खाली ये! लवकर, बघ!"

मी अनवाणीच धावले. खाली पोचले तोवर टॅक्सी सिग्नलपाशी वळत होती. खिडकीतून बाहेर आलेला बाईंचा हात अजून झाडाकडेच बोट दाखवत होता.

बदामाच्या आडव्या फांदीवर आमच्या गल्लीतली पिवळी मांजर झोपली होती. चारी पाय दोन्हीकडून खाली सोडलेले, हनुवटी फांदीवर, शेपूट लोंबतंय. मावशी.

मी परत वर गेले. पहिल्या मजल्यावरच्या बेलवर बोट ठेवलं आणि दार उघडेपर्यंत काढलं नाही.